नाटकाची संहिता, पाचशे रुपये आणि स्वतःचा ई-मेल: कॉपीराइट नोंदणी कशी करायची

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. दिवसभर वजनं, पट्ट्या (शेतकऱ्यांच्या मालाचे हिशेब), हमाली, तोलाई. रात्री जेवण झालं की नाटकं लिहितो. आजवर पाच एकांकिका आणि एक दोन अंकी नाटक झालं. सांगलीत यात कौतुकासारखं काही नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथे नाटक उभं केलं, तेव्हापासून या गावात गल्लीला एक नाटककार ठरलेला.

नोंदणीच्या वाटेला मी गेलो ते मिरजेच्या एका मित्राच्या फोनमुळे. बाहेरगावी एका स्पर्धेला गेला होता. म्हणाला, "अरे, तुझी एकांकिका बघून आलो. शीर्षक वेगळं होतं आणि लेखक म्हणून नाव दुसऱ्याचंच होतं." त्या संघाच्या दिग्दर्शकाला फोन लावला. माणूस अगदी शांत होता. "तुमचीच कशावरून?" एवढंच म्हणाला.

तुमचीच कशावरून! माझ्याकडे उत्तरादाखल एक लाल पुठ्ठ्याची दोनशे पानी वही होती, आणि ती २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुरात भिजली होती. कृष्णेचं पाणी आमच्या गावभागातल्या घरात शिरलं तेव्हा आम्ही धान्य वर नेलं, गादी वर नेली, ट्रंक मात्र खाली राहिली. पाणी ओसरल्यावर ती वही गच्चीवर दोरीला चिमटे लावून वाळवली. बॉलपेनने लिहिलेली पानं वाचता येतात. शाईच्या पेनने लिहिलेल्या पानांवर नुसते निळे ढग आहेत, आणि पहिलं पान, ज्यावर तारीख होती, ते शाईचंच. शेवटी पुराच्या आधी एका दिग्दर्शकाला पाठवलेला ई-मेल सापडला, त्याला संहिता जोडलेली होती, म्हणून प्रकरण मिटलं. पण त्या आठ दिवसांत झोप नव्हती. पुढच्या नाटकाची नोंदणी करायचीच असं ठरवलं, केली, त्यात दोनदा आपटलो. तुम्ही आपटू नये म्हणून हे लिहितोय. उदाहरणं नाटकाची आहेत, पण कविता, कथा, गाणं, चित्र, सगळ्याला रस्ता हाच.

१. आधी डोक्यातला गोंधळ काढा

कॉपीराइट सरकार देत नाही. तुम्ही लिहिलं, कागदावर किंवा मोबाइलमध्ये उतरवलं, त्या क्षणी तो हक्क तुमचा झाला. १९५७ चा कॉपीराइट कायदा नोंदणीची सक्ती करत नाही. मग नोंदणी कशाला? पुराव्याला. नोंदवहीतली नोंद कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा धरतात. म्हणजे ती खोटी आहे हे समोरच्याने सिद्ध करायचं. तुम्ही वही घेऊन धावायचं नाही.

आपल्याकडच्या माणसाला हे सातबाऱ्यावरून पटकन कळतं. सातबाऱ्यावर नाव लागल्याने जमीन तयार होत नाही, आणि चुकीचं नाव लागलं असेल तर ते लढून काढताही येतं. पण नाव लागलेलं असलं की बांधावरच्या भांडणात आपला पाय घट्ट असतो. तसंच हे.

हक्क टिकतो किती? लेखकाच्या हयातीत, आणि मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून पुढे ६० वर्षं. ध्वनिमुद्रण आणि चित्रपटाला प्रकाशनानंतर ६० वर्षं.

आता ज्या गोष्टी लोक कॉपीराइट समजतात त्या. नाटकवाल्यांमध्ये सगळ्यात मोठा घोळ रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राचा. "संहिता सेन्सॉर झालीय, नंबर आहे माझ्याकडे" असं सांगणारे किमान चार लेखक मला भेटले. तो नंबर प्रयोग करायला लागतो. संहितेचा मालक कोण हे ते मंडळ ठरवत नाही. पुस्तकाचा आयएसबीएन ही नुसती पुस्तकाची ओळखखूण. स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने संहिता पाठवून पाकीट न फोडता ठेवायचं, हा जुन्या लोकांचा उपाय तारखेपुरता थोडाफार उपयोगी पडेल, पण नोंदणीचं वजन त्याला नाही. आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा एकाने मला "त्यांनी कॉपीराइट घेतला" असं सांगितलं. तो कायदाच वेगळा.

२. कशाची नोंदणी होते, कशाची नाही

कल्पनेची होत नाही. विषयाची होत नाही. शीर्षकाची होत नाही. नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येही सांगितलं आहे. कल्पनेबद्दलचा मोठा निकाल १९७८ चा. एका नाटककाराने चित्रपटवाल्यांवर खटला भरला होता की माझ्या नाटकावरून यांनी चित्रपट काढला, आणि नाटककार हरला. कोर्टाने सांगितलं की विषय, कथासूत्र, ऐतिहासिक घटना या कोणाच्या मालकीच्या नाहीत. मांडणी, रचना, शब्द यांना संरक्षण आहे.

आपल्या भागातलं उदाहरण घ्या. सातारा-सांगलीचं प्रतिसरकार. त्यावर तुम्ही नाटक लिहिलंत म्हणून मला लिहायला बंदी नाही. पण तुमचे प्रवेश, तुमचे संवाद, तुम्ही कल्पून उभी केलेली पात्रं मी उचलली तर तुमचा हात माझ्या गळ्यापर्यंत पोचतो. म्हणून अर्जाला "कथासार" जोडून भागवू नका. पूर्ण संहिता जोडा. जेवढं जोडाल तेवढ्याचाच पुरावा तुमच्याकडे राहणार आहे.

३. कृती कोणत्या खान्यात बसते आणि शुल्क किती

साहित्यकृती म्हणजे कथा, कविता, कादंबरी, लेख, गाण्याचे शब्द, आणि कायद्याच्या हिशेबाने संगणकाचा प्रोग्रामसुद्धा. नाट्यकृती म्हणजे आपली संहिता. संगीतकृती म्हणजे चाल. शब्द त्यात येत नाहीत. चित्र, शिल्प, छायाचित्र, नकाशा हे कलाकृतीत. यांचं शुल्क प्रत्येक कृतीला ५०० रुपये. कलाकृती मालावर वापरायची असेल, म्हणजे पाकिटावरचं चित्र, लेबल वगैरे, तर २,००० रुपये. ध्वनिमुद्रण २,००० आणि चित्रपट ५,००० रुपये.

आता इथेच लोक घसरतात. समजा तुमच्या नाटकात एक पद आहे. शब्द तुमचे, चाल मित्राची, आणि स्टुडिओत रेकॉर्ड करून घेतलंय. ही तीन वेगळी खाती झाली: शब्द साहित्यात, चाल संगीतात, रेकॉर्डिंग ध्वनिमुद्रणात. तीन अर्ज, तीन शुल्कं, आणि मालकही कदाचित तीन. मी संहितेचा अर्ज केला तेव्हा पदांचे शब्द संहितेतच होते, ते तिच्याबरोबर गेले. चालीचा अर्ज ज्याची चाल त्याने करायचा, हे मी मित्राला सांगितलं. त्याने अजून केलेला नाही.

चाळीस कवितांचा संग्रह असेल तर सुट्या कवितांचे चाळीस अर्ज करत बसू नका. एका शीर्षकाखाली बांधलेला संग्रह ही एक कृती.

हळद, बेदाणा, पेढे यांच्या पाकिटावरचं चित्र नोंदवायला निघालेल्या दुकानदारांना एक जादा सूचना. मालावर वापरायच्या चित्राला ट्रेडमार्क कार्यालयाचं शोध-प्रमाणपत्र आधी लागतं: असाच किंवा यासारखा ट्रेडमार्क दुसऱ्या कोणाचा नोंदवलेला नाही, अशा अर्थाचं. ते हातात आल्याशिवाय कॉपीराइटचा अर्ज भरू नका, नाहीतर दोन हजार रुपये अडकून बसतात.

४. हक्क खरंच तुमचा आहे का, हे आरशासमोर विचारा

ही पायरी फॉर्ममध्ये नाही. पण माझ्या मते अर्ध्या अडचणी इथल्या आहेत.

नोकरीचा भाग म्हणून लिहिलं असेल, तर वेगळा करार नसल्यास हक्क मालकाचा. वर्तमानपत्राच्या कचेरीत पगारावर लिहिणाऱ्याची गोष्ट थोडी वेगळी आहे, पण शाळेने, कंपनीने, संस्थेने "हे काम तुझं" म्हणून पगारात लिहून घेतलं असेल तर लेखक तुम्ही आणि मालक ते. मी अडत दुकानात कामाला आहे म्हणून माझं नाटक शेठचं होत नाही, कारण नाटक लिहिणं हे माझं काम नाही. (शेठना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरं झालं.")

फोटो आणि व्यक्तिचित्राला तर नोकरीही लागत नाही. पैसे देऊन काढून घेतलं असेल तर, वेगळं ठरलेलं नसल्यास, पहिला मालक काढून घेणारा. फोटो स्टुडिओवाल्यांना हे ऐकून राग येतो, पण कायदा तसा आहे.

दोघांनी मिळून लिहिलं आणि कोणाचा भाग कोणता हे वेगळं काढता येत नाही, तर दोघेही लेखक. दोघांची नावं टाकायची. तालमीत नटाने दोन वाक्यं सुचवली म्हणून तो सहलेखक होत नाही, पण दिग्दर्शकाने अख्खा दुसरा प्रवेश बसून लिहिला असेल तर मनाला विचारा. आज नाव गाळाल, उद्या तोच माणूस हरकत घेईल, आणि त्याची हरकत खरी असेल.

आणि रूपांतर. आपल्याकडे एकांकिकांच्या स्पर्धेत निम्मी नाटकं कुठल्या ना कुठल्या कथेवर बेतलेली असतात. जुना लेखक, गरीब माणूस, लोकांचा लेखक, त्याची परवानगी कशाला, अशी वृत्ती असते. अण्णाभाऊ साठ्यांचं उदाहरण घ्या. आमच्याच जिल्ह्यातले, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे, म्हणून त्यांच्या कथा आपल्याच असं इथे प्रत्येकाला वाटतं. पण त्यांचं निधन १८ जुलै १९६९ चं. गणित करा: १ जानेवारी १९७० पासून ६० वर्षं, म्हणजे २०२९ च्या डिसेंबरअखेरपर्यंत हक्क शिल्लक आहे. त्यांच्या कथेवरून नाटक करायचं तर हक्कदारांची लेखी परवानगी हवी, आणि अर्जात ती दाखवायला हवी. लोकगीत, ओवी, गोंधळ यांची गोष्ट वेगळी: परंपरेने आलेलं कोणाचंच नाही, त्यात तुम्ही घातलेले नवे शब्द तेवढे तुमचे.

एक शेवटचं. तुम्ही हक्क आधीच कोणाला लिहून दिलेत का? निर्मात्याने, प्रकाशकाने सही घेतलेला कागद काढून वाचा. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखीच द्यावा लागतो, तोंडी नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. हक्क घेऊन वर्षभरात वापरलाच नाही तर, करारात वेगळं म्हटलेलं नसल्यास, तो परत तुमच्याकडे येतो. "सर्व हक्क कायमचे" असं छापील वाक्य दिसलं की पेन खाली ठेवा आणि घरी या.

५. कागद जमवा

अर्जाला बसण्याआधी हे एका फोल्डरमध्ये टाका:

- संपूर्ण कृतीची पीडीएफ. पहिल्या पानावर शीर्षक आणि लेखकाचं नाव, पुढे पानांना क्रमांक.
- तुमच्या सहीचा स्वच्छ फोटो किंवा स्कॅन. पांढरा कागद, काळी शाई.
- अर्जदार लेखक नसेल तर लेखकाचं सही केलेलं ना हरकत पत्र. लेखक दोन असतील तर दोघांचं.
- कृती छापून आली असेल आणि प्रकाशक दुसरा कोणी असेल तर प्रकाशकाचं ना हरकत पत्र, शिवाय पहिल्या प्रकाशनाचं वर्ष, देश, प्रकाशकाचं नाव-पत्ता.
- कृतीत कोणाचा फोटो असेल, मुखपृष्ठावर का असेना, तर त्या माणसाचं ना हरकत पत्र.
- भाषांतर किंवा रूपांतर असेल तर मूळ हक्कदाराची परवानगी.
- लेखक हयात नसेल तर मृत्यूची तारीख आणि तुम्ही वारस असल्याचे कागद.
- वकिलामार्फत करत असाल तर वकीलपत्र.

ना हरकत पत्राचा मजकूर साधा ठेवा: मी अमुक, या शीर्षकाच्या कृतीचा लेखक, तमुक व्यक्तीने तिच्या कॉपीराइट नोंदणीसाठी अर्ज करण्यास माझी हरकत नाही. तारीख, पत्ता, सही. मोघम "सदर कामास परवानगी आहे" असं लिहून आणलेलं पत्र मी पाहिलंय. कोणत्या कामाला, काय कळणार?

देवनागरीत संहिता टाईप करताना एक काळजी. जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांची मिसळ होते. युनिकोडमध्ये टाईप करून पीडीएफ करा आणि ती स्वतःच्या मोबाइलवर उघडून पाहा. हाताने लिहिलेली वही स्कॅन करूनही चालते, पण वाचता आली पाहिजे. माझ्या वहीचे निळे ढग कोणी वाचणार नव्हतं.

६. पोर्टलवर खातं उघडा, आणि ते स्वतःचं उघडा

कॉपीराइट कार्यालय दिल्लीत द्वारकेला आहे. तिथे जायची गरज नाही. सांगलीत किंवा पुण्यात त्याची शाखा शोधत फिरू नका. सगळं कॉपीराइट डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर होतं. नाव सारखं वाटणारी खासगी संकेतस्थळं बरीच आहेत, ती आठ-दहा हजार सांगतात. पत्त्यात शेवटी गव्ह डॉट इन आहे ना, ते बघा. नवीन वापरकर्ता म्हणून नोंद करा, लॉगिन आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा.

माझी पहिली आपटी इथली. इंग्रजी फॉर्म बघून मी घाबरलो आणि एका नेट कॅफेत गेलो. तिथल्या पोराने भराभर सगळं भरलं. "काका, ई-मेल?" म्हणाला. मी म्हटलं, "माझा मी फारसा बघत नाही रे." म्हणाला, "मग माझा टाकतो, काही आलं तर फोन करतो." चांगला मुलगा होता. दोन महिन्यांनी त्याने ते दुकान सोडलं आणि तो पुण्याला गेला. कार्यालयाकडून त्रुटीचं पत्र आलं ते त्याच्या ई-मेलवर. मला कळलं तेव्हा मुदत संपून गेली होती, अर्ज बाद. पाचशे रुपये परत मिळत नाहीत. पैशापेक्षा पाच महिने गेले याचं दुःख.

तर ई-मेल स्वतःचा, मोबाइल स्वतःचा. टायपिंग कोणाकडूनही करून घ्या.

७. अर्ज भरताना

अर्जाचं नाव फॉर्म चौदा. त्याच्याबरोबर दोन पत्रकं येतात: एक कृतीच्या तपशिलाचं, दुसरं अधिक तपशिलाचं. दुसरं साहित्य, नाट्य, संगीत आणि कलाकृतींना लागतं. रकाने बरेच आहेत. त्यातले जे नडतात तेवढे सांगतो.

अर्जदाराचा कृतीतला हितसंबंध. इथे लेखक आहात की मालक, की हक्क विकत घेतलेले, ते लिहायचं. स्वतः लिहिलंय आणि कोणाला दिलेलं नाही, तर लेखक आणि मालक दोन्ही तुम्हीच. नाट्यसंस्थेच्या नावाने अर्ज करत असाल तर संस्था मालक, तुम्ही लेखक, आणि तुमचं ना हरकत पत्र सोबत. अनेक हौशी संस्थांचे अध्यक्ष "संस्थेच्या नावाने करूया, तेवढंच वजन" म्हणतात. लेखकांनो, हे ऐकून विरघळू नका. संस्था फुटली की नाटक कोणाचं, यावर भांडत बसाल.

शीर्षक. माझी दुसरी आपटी. नाटकाचं नाव मी तालमीत बदललं होतं. फॉर्ममध्ये नवं नाव टाकलं, पीडीएफच्या पहिल्या पानावर जुनं राहिलं. त्रुटीचं पत्र आलं, पण या वेळी माझ्या ई-मेलवर आलं, म्हणून निभावलं. शीर्षक फॉर्ममध्ये, पीडीएफवर, ना हरकत पत्रांवर सगळीकडे अक्षरशः एकच ठेवा. रोमन अक्षरांत लिहिताना एकच स्पेलिंग ठरवा आणि कागदावर लिहून समोर ठेवा; एका ठिकाणी दोन ए आणि दुसरीकडे एक, असं होतं.

भाषा: मराठी. लेखकाचं नाव टोपणनावाने लिहीत असाल तरी खरं नावही द्या, नाहीतर उद्या ते टोपणनाव म्हणजे तुम्हीच, हे सिद्ध करायचं नवं काम मागे लागेल.

प्रकाशित की अप्रकाशित. छापून किंवा ऑनलाइन आलंय ते अप्रकाशित म्हणून दडपू नका. खोटी माहिती देऊन नोंदवहीत नोंद करून घेणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. मी म्हणेन, जमलं तर संहिता बाहेर देण्याआधीच अर्ज करा. रकाने कमी भरावे लागतात आणि मनाला शांती.

अधिक तपशिलाच्या पत्रकात एक प्रश्न येतो: कृती मूळ आहे, की भाषांतर, की रूपांतर? आणि भाषांतर किंवा रूपांतर असेल तर हक्क संपलेल्या कृतीचं की हक्क चालू असलेल्या कृतीचं? इथे खरं तेच निवडा. रूपांतर म्हटलं की मूळ कृतीचं नाव, भाषा, लेखक आणि परवानगीचा तपशील विचारतात. हे टाळायला लोक "मूळ" वर टिचकी मारतात. मूळ लेखकाच्या वारसाने एक पत्र टाकलं की सगळं उघडं पडतं.

भरून झाल्यावर लगेच पुढे जाऊ नका. चहा पिऊन या आणि पुन्हा वाचा. मी आता पट्टी तपासतो तसं बोट ठेवून वाचतो.

८. पैसे आणि डायरी नंबर

शुल्क ऑनलाइन भरा. भरलं की डायरी नंबर मिळतो. पोचपावती डाउनलोड करून छापून घ्या. पुढे सगळीकडे हाच नंबर लागतो. अर्ज कुठवर आला ते पोर्टलवर त्यानेच दिसतं.

९. थांबण्याचे दिवस

आधी ३० दिवस सक्तीचे. या काळात कोणी हरकत घेतो का हे पाहतात. ज्याचा कृतीत हितसंबंध आहे त्याला अर्जाची सूचना देणं हे अर्जदाराचंच काम आहे. सहलेखक, प्रकाशक असे कोणी असतील तर त्यांना लेखी कळवा आणि प्रत ठेवा. हरकत आली तर दोन्ही बाजूंना पत्र जातं, म्हणणं मागवतात, गरज पडली तर सुनावणी.

हरकत नाही आली तर तपासनीस अर्ज बघतो. काही राहिलं असेल तर त्रुटीचं पत्र. पत्र आलं म्हणजे अर्ज फेटाळला असं नाही. काय मागितलंय ते मुद्देसूद वाचा, प्रत्येक मुद्द्याला त्याच क्रमाने उत्तर द्या, पत्रातली मुदत चुकवू नका. मी एका पानाचं उत्तर दिलं: शीर्षक का बदललं, कोणतं कायम धरावं, आणि दुरुस्त पीडीएफ जोडली. बस. निबंध लिहू नका, आणि त्या परक्या संघाने माझं नाटक चोरलं वगैरे कहाणी तिथे घालू नका. मी पहिल्या मसुद्यात घातली होती, बायकोने खोडली.

दर सोमवारी ई-मेल बघायचा, स्पॅमसकट, हा नियम करा. दुसऱ्या अर्जापासून प्रमाणपत्रापर्यंत मला सात महिने लागले. कोणी "पंधरा दिवसांत सर्टिफिकेट देतो" म्हणत असेल तर तो डायरी नंबरलाच सर्टिफिकेट म्हणतोय. पहिले ३० दिवस कोणालाच चुकत नाहीत. अर्ज फेटाळलाच, तर आदेशापासून तीन महिन्यांत अपील करता येतं. २०२१ मध्ये जुनं अपील मंडळ बंद झालं, आता ते उच्च न्यायालयात जातं. पाचशे रुपयांच्या अर्जासाठी तिथवर जाण्यापेक्षा बहुतेकांना दुरुस्त करून नवा अर्ज करणंच परवडतं.

१०. हातात आल्यावर

मिळतो तो नोंदवहीतला उतारा. नोंदणी क्रमांक, शीर्षक, नावं, पत्ता, सगळं तपासा. पुढे पत्ता बदलला, अप्रकाशित नाटक छापून आलं, हक्क कोणाला दिले, तर फॉर्म पंधरा भरून नोंदीत बदल करून घेता येतो.

कोणी उचललंच, तर आधी वकिलामार्फत नोटीस. बहुतेक प्रकरणं तिथेच थांबतात. दिवाणी दावा करायची वेळ आली तर एक गोष्ट आपल्या बाजूची आहे: कॉपीराइटचा दावा तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो. चोरी मुंबईत झाली तरी दावा सांगलीत. फौजदारी बाजूला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे, पण हौशी संघातल्या पोरांवर कोणी उठसूट ती वापरू नये असं मला वाटतं. बहुतेकांना खरंच माहीत नसतं.

मी आता उताऱ्याची एक प्रत माळ्यावर पत्र्याच्या डब्यात ठेवलीय, पुराच्या रेषेच्या वर. एक ई-मेलमध्ये, एक मेहुण्याकडे विट्याला. संघ संहिता मागायला आला की छापील परवानगीपत्र देतो: कोणती एकांकिका, कोणत्या संघाला, कोणत्या तारखेचा, कोणत्या नाट्यगृहातला एक प्रयोग, मानधन किती, शीर्षक आणि लेखकाचं नाव बदलायचं नाही, आणि खाली नोंदणी क्रमांक. मागच्या महिन्यात इस्लामपूरहून कॉलेजची पोरं आली होती. त्यांच्यातल्या एकीने पत्र वाचलं आणि विचारलं, "सर, आम्ही बसवलेल्या नाटकाचं पण होतं का हे? लिहिलंय आम्ही सहा जणांनी." तिला मी चौथ्या पायरीपासून सांगायला बसलो.